शेजारच्या खाटेकडे

किरुंडा आमच्या सरोवराकाठी होड्या बांधायचा. अबोल माणूस. मक्याला कणसं धरली होती तेव्हा तो चार वर्षांच्या कागोयाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. मलेरियानं पोरीचे तळवे पांढरेफटक पडले होते. आणि आमच्याकडे रक्ताची एकही पिशवी शिल्लक नव्हती.

“माझं काढा,” त्यानं बाही वर सारली. “लागेल तेवढं.”

मी तपासलं. बाप बी गटाचा, पोर ओ गटाची. “दादा, तुमचं तिला नाही चालणार.”

“नाही चालणार? माझीच पोर आहे, सिस्टर! कान बघा तिचे, हुबेहूब माझे!”

शेजारच्या खाटेवर नांगोबीचा मुलगा तेन्वा तसाच निपचित पडला होता. नांगोबी मासे धुरी देऊन विकायची. तिचा गट ओ, तेन्वाचा बी. मी दोघांनाही समजावून सांगितलं: कागोयाला फक्त ओ चालतं, म्हणून नांगोबीचं रक्त तिला द्यायचं आणि किरुंडाचं तेन्वाला.

“घ्या की माझं,” नांगोबी म्हणाली. “पण रक्तालाही माशांचा वास असेल हो! पोरगी उद्या उठून पाण्यात उडी मारायची.”

किरुंडा हसला आणि आडवा झाला. पिशवी भरताना त्याचे डोळे जड झाले. मला म्हणाला, “खाट हलतेय. आपण पाण्यावर आहोत का?” मी हो म्हटलं. तो निवांत पडून राहिला, कुठल्या तरी लांबच्या पाण्यावर.

सगळ्या तपासण्या होऊन रक्त चढेपर्यंत उन्हं कलली. कागोयाच्या ओठांवर हळूहळू रंग उमटला. तिनं भाजलेलं रताळं मागितलं. तेन्वा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसला.

त्यानंतर किरुंडा दर तीन-चार महिन्यांनी आपणहून यायचा. रक्त देऊन झालं की आंब्याखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांकडे टक लावून पाहायचा.

“काय शोधताय?” मी एकदा विचारलं.

“काही नाही. यातलं एखादं थोडंसं माझं असेल.”

बायको चिडवायची, “झालं! आता सगळा किनाराच यांच्या नात्यातला.”

तो मान डोलवायचा, जणू ती खरंच बोलतेय. बाजारात अनोळखी पोर रडताना दिसलं तर तो थांबायचा, खाली वाकून नाव विचारायचा. आया आधी बिचकायच्या. पुढे त्यांनाही त्याची सवय झाली.