विहिरीच्या काठावरचे सात दगड

पालीजवळच्या रानात चुलत्यांनी नवी विहीर खोदायला घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. त्यांना पाणी हवं होतं, मला विहिरीची भिंत. आमचा हा काळा पाषाण म्हणजे कधीकाळी थिजलेला लाव्हा. वरच्या आणि खालच्या अंगाला तो झटकन निवतो, तिथे स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही. मध्ये सावकाश निवतो, तिथे ते ठसठशीत होतात. वरपासून खालपर्यंत दगड घ्यायचे, त्यांच्या पातळ चकत्या कापायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक स्फटिक मोजायचा. माझी पीएचडी एवढ्यावर उभी होती. मुदतवाढ संपत आलेली. होळीच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळी वर्षं मातीत.

विहिरीतला दगडगोटा वर ओढणाऱ्या यारीच्या पाटीत बसून मी खाली उतरले. जीव मुठीत धरून दगड फोडले, प्रत्येकावर मार्करने खोली लिहिली आणि वर काठावर ओळीने वाळत ठेवले. दुपारी बीडला कॉलेजात माझा तास होता, म्हणून तशीच गेले.

संध्याकाळी परतले तर विहिरीला झरा लागलेला, सगळं घर काठावर. आणि माझे दगड शेंदरात न्हालेले!

"काकू, काय करून बसलीस गं हे!"

"आगं, साती आसरा बसवल्या," चुलती हसत म्हणाली. "पानी लागलं आन् बघते तर तू आधीच सात दगड मांडून ठिवलेले. शिकलेली आसून पोरीला किती जाण हाय, म्हनलं."

आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की काठावर सात दगड पुजतात. त्या पाण्याच्या देवी. सहा घेतले असते, आठ घेतले असते! नेमके सातच घ्यायची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे. चुलतीने ते राखेने, काथ्याने खसाखसा घासले होते. शिवाय मोठा दगड मध्ये, बारके कडेला, असे सजवलेही होते. कुठला वरचा, कुठला खालचा, काही कळायला मार्ग नव्हता.

"आकडे होते गं त्यांच्यावर!" मी किंचाळले.

"कावून वरडतीस? तुझाच नवस बोलले म्या. पोरीचं शिक्षण पार पडू दे, म्हनलं. लई मनापासून बोलले."

आता अशा बाईवर चिडायचं तरी कसं? मी तिथेच मातीत बसून रडले.

चुलत्यांनी देवींच्या मागच्या अंगाच्या कपच्या काढू दिल्या. मी त्यांतल्या स्फटिकांची मापं घेतली आणि त्या मापांवरूनच दगडांचा क्रम लावला. आलेख काय सुरेख आला! माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच विचारलं, "जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून चाललीस, मग सिद्ध काय केलंस?"

दगड पुन्हा घ्यावेत तर विहिरीत डोक्यावरून पाणी. चुलते म्हणाले, "उन्हाळ्यात आटंल की, तवा घे." उन्हाळा होळीनंतर येतो, हे त्यांना कोण सांगणार! त्याच पाण्यावर त्यांनी कांदा लावलाय. उपसून टाका, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

आता चुलती मला रोज आसरांच्या पाया पडायला लावते. टँकरमागे घागर घेऊन पळत लहानाची मोठी झालेली मी, माझ्याच नमुन्यांपुढे हात जोडते आणि मनात एकच मागते. विहीर आटू दे. होळीच्या आत आटू दे.

काल माझे डोळे भरलेले बघून चुलतीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगं बाई," ती म्हणाली. "काय मागितलंस ते मिळंल बघ तुला. लई जागृत हायत त्या."