वाटचाल्यांची राहिलेली गोष्ट

आमच्या खेळाच्या शेवटी एक दगडी दार होतं. ते मीच ठेवलं होतं. दारापाशी जो येईल त्याला ते एकच विचारायचं, तुमचे लोक कुठून आले? ज्याला सांगता येईल तो आत, नाही तो बाहेर.

खेळ साधा आहे. टेबलाभोवती बसायचं. एकजण एक जग सांगतो, बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात, आणि बेत जमला की फसला हे फासे ठरवतात. मला तो अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये एका सीनिअरनं शिकवला. राळेगाव तालुक्यातल्या तांड्यावरून आलेल्या, फारसं न बोलणाऱ्या मुलाला, म्हणजे मला, त्यानं आपल्या खोलीत बसवून घेतलं आणि हॉस्टेल सोडताना फाशांचा संच देऊन टाकला. मी घरातला पहिला पदवीधर. ज्यांचे माझ्यावर उपकार आहेत त्यांत मी त्यालाही धरतो.

आता मी यवतमाळला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. रविवारी दुपारी आम्ही तिघं खेळायचो. एक मित्र गणिताची ट्युशन घेतो, त्याच्याच क्लासच्या बाकांवर आम्ही बसायचो. फळ्यावर वर अर्धवट पुसलेली समीकरणं असायची, खाली आमच्या जगाचा नकाशा. तिसरी एक मैत्रीण, मेडिकलमध्ये औषधं देणारी.

जग माझं असल्यामुळे त्यातल्या लोकांच्या जन्मकथाही मलाच रचाव्या लागत. त्या पटापट सुचायच्या. देवाची गादी फाटली, कापूस वाऱ्यावर उडाला, त्याची माणसं झाली. म्हणून ती हलकी असतात आणि विस्तवाला भितात. जगातली पहिली विहीर खणली, पाणी लागलं, सगळे दोर धरून वर येऊ लागले आणि मध्येच दोर तुटला. खाली राहिले ते विहिरीतले लोक. ट्युशनवाला मित्र त्यांच्यातला होता.

वाटचाले मात्र मी पहिल्या दिवशी नुसते गर्दी म्हणून घातले होते. बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरणारे लोक. मैत्रिणीनं तेच निवडले. का, असं विचारलं तर म्हणाली, "यांच्यापाशी बॅग आहे. बाकीचे सगळे रिकाम्या हातानं फिरून राह्यले."

दोन वर्षं ती वाटचाली होती. मग तिला पुण्याला एका औषध कंपनीत नोकरी लागली. आमचा एकच रविवार उरला आणि दार समोर आलं होतं.

"माह्या लोकांची गोष्ट काहून नाही लिहिली तू?" तिनं विचारलं. "याचे लोक विहिरीतून आले, कोणी कापसातून पण आले. मी काय बाहेर उभी राहू?"

"उभी राह्य ना," ट्युशनवाला म्हणाला. "मी आतून हात दाखवतो."

मी लिहायला बसलो. पहिल्या प्रयत्नात वाटचाले एका शूर राजाचे वंशज झाले आणि मजकूर शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखा वाटला. दुसऱ्या प्रयत्नात देवाचा शाप आला, म्हणून ते भटकत होते. तोही खोडला. मिठाचे बैल मी आमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून उचलले होते. ज्यांना मी ओळखतो त्यांना शापित करायला हात धजत नव्हता आणि राजे करायला लाज वाटत होती.

शनिवारी एसटीनं घरी गेलो. आई, म्हणजे आमची याडी, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला विचारलं, आपली माणसं कुठून आली? ती गोरबोलीत, आम्हा बंजाऱ्यांच्या भाषेत बोलली, मी इथं वऱ्हाडीत लिहितो.

"दिवसा गोष्ट सांगत नाही. मामा वाट चुकते."

हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो होतो. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा रस्ता चुकतो. माझा मामा ट्रक चालवतो. त्या दिवशी तो रुईच्या गाठी घेऊन दक्षिणेकडे निघाला होता.

"याडी, मामाच्या मोबाइलात नकाशा आहे."

"मोबाइलले काय ठाऊक, मी इथं काय सांगून राह्यली ते?"

मी सूर्य बुडायची वाट पाहिली. दिवेलागणीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "तो अजून गाडीवर आहे. आधी विचार त्याले."

मी फोन लावला. मामा टोलनाक्याच्या रांगेत होता. सगळं ऐकून तो हसला. "भाचेसाहेब, तुमच्या गोष्टीपायी गाडी उभी करू का? शेठ माहीच गोष्ट करून टाकंल."

याडीनं भाकरी टाकायला घेतल्या. तिनं गोष्ट सांगितली नाही. तुला तरी तुझ्या आईनं सांगितली होती का, असं मी विचारलं.

"नाही. तिलेही नव्हती सांगितली तिच्या याडीनं. तवा बैलांवर मीठ जाये. कोणाचा ना कोणाचा भाऊ वाटंवर राहेच. सगळे एकदम घरी कधी होते?"

मी आणखी काही विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं परत आलो.

दुपारी खेळात विहिरीतल्या माणसानं दाराला दोराची गोष्ट सांगितली आणि तो आत गेला. मग दारानं मैत्रिणीला विचारलं. ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "तुझ्या लोकांत असा नियम आहे, की आपलं एकही माणूस वाटेवर असेल तोवर आपली गोष्ट सांगायची नाही, नाही तर ते वाट चुकतं. आणि कोणी ना कोणी कायम वाटेवर असतं. म्हणून ती गोष्ट आजवर कोणी ऐकलेली नाही."

"लिहिलं नाही यानं," ट्युशनवाला म्हणाला. "बहाणा पाह्य कसा करून राह्यला."

ती काही वेळ हातातले फासे खुळखुळवत राहिली. "म्हणजे गोष्ट आहे, पण सगळे पोचल्यावर?"

"हो."

"मग मी काहीबाही सांगून आत जात नाही. इथंच बसते, बॅग उतरवून. बाकीचे आले की सांगू."

दाराचं काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. नियमाप्रमाणे ते बंद व्हायला हवं होतं.

"थांब बे," ट्युशनवाला म्हणाला. "मी आतून पाय घालून ठेवतो. होऊ देत नाही बंद."

त्यानं फासा टाकला. आकडा चांगला पडला. दार फटीएवढं उघडं राहिलं आणि आम्ही खेळ तिथं थांबवला.

ती बुधवारी पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "पोचली. आता सांग."

मी याडीला फोन करून मामा कुठं आहे ते विचारलं. गाठी उतरवून तो दुसरा माल भरून परत निघाला होता. मी तसं ग्रुपवर लिहिलं.

"बरं, थांबते," तिनं लिहिलं.

थोड्या वेळानं ट्युशनवाल्याचा मेसेज आला. "मामाले म्हणा, जरा लवकर. माहा पाय दुखून राह्यला."