मंजुळाबाईच्या जबानीतलं क्रियापद

जीवराम तोताराम मूळचा असोद्याचा. घरी कपाशी-ज्वारीची शेती, थोरले दोघे भाऊ औतामागे, आणि हा धाकटा जळगावच्या इंग्रजी शाळेत. रोज जाऊन-येऊन तीन कोस चाल पडे. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा इंग्रजीत गेला. तरी गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन अशी दीडशे क्रियापदांची माळ त्याला तोंडपाठ होती. पाढे म्हणावेत तशी तो ती एका दमात म्हणून दाखवी. कुठल्या जागी कुठलं रूप बसतं, हे मात्र त्याला कुणी समजावून दिलं नव्हतं. मास्तरांनाही ते कुणी दिलं होतं की नाही, कोण जाणे.

एवढ्या शिदोरीवर १९११ साली तो धुळ्याला खासनीस वकिलांकडे कारकून म्हणून लागला. वरच्या कोर्टात बसणारे साहेब इंग्रज. त्यांना मराठी कामापुरतं येई, मोडी अजिबात नाही. म्हणून अपील वर गेलं की खालच्या कोर्टातल्या जबान्यांचं इंग्रजी करून जोडावं लागे, आणि ते काम जीवरामकडे आलं. साक्षीदार पिंजऱ्यात अहिराणीत बोलायचा, कोर्टाचा लेखनिक ते कागदी मराठीत उतरवायचा, आणि जीवराम त्या मराठीचं इंग्रजी करायचा. माणसाच्या तोंडून निघालेलं बोलणं साहेबापुढं पोचेपर्यंत दोन घरं फिरून आलेलं असायचं.

पहिल्या वर्षी त्याला प्रत्येक वाक्याची धास्ती वाटे. दहाव्या वर्षी धास्ती राहिली नव्हती, थकवा तेवढा होता. खिडकीशी बैठं मेज, दौत, टाक, आणि समोर दुसऱ्यांच्या भांडणांचे ढीग. साक्ष म्हणजे झालेली गोष्ट, आणि झालेली गोष्ट म्हणजे भूतकाळ, असा त्यानं आपल्यापुरता नियम करून ठेवला होता. अडलं की क्रियापदाला ‘एड’ लावायचं आणि पुढं जायचं. वकीलसाहेब वरवर नजर टाकत आणि सही करत. त्यांचा जीवरामवर विश्वास होता.

मंजुळाबाईच्या खटल्याचं अपील त्याच्या मेजावर आलं ते १९२४ च्या उन्हाळ्यात. ही बाई धुळ्यापासून चार कोसांवर, पांझरेच्या काठच्या एका गावची. गावचा एक व्यापारी आपलं वावर पडीक टाकून गुजरातेत निघून गेला होता. १९०८ साली मंजुळाबाईच्या नवऱ्यानं, उखर्डूनं, त्यातली काटेरी झुडपं तोडली, दगड वेचले आणि ते पेरायला घेतलं. सहाव्या वर्षी उखर्डू वारला. मग आपला धाकटा भाऊ पुना याच्या बैलांवर बाईनं ते वावर चालू ठेवलं. पुढं कपाशीला दिवस चांगले आले, तसा व्यापाऱ्याचा मुलगा रतिलाल गुजरातेतून परतला आणि १९२१ साली त्यानं जमिनीवर दावा लावला.

कायद्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या जमिनीत कुणी बारा वर्षं उघडपणे, खंड न पडता राबलं, तर मूळ मालकाचा हक्क सरतो. खंड न पडता, हीच त्यातली मेख होती. इन्फ्लुएंझाच्या साथीत बाईचं सगळं घर आडवं झालं होतं आणि त्या एका हंगामात वावर पेरायचं राहून गेलं होतं. रतिलालच्या वकिलानं नेमकं तेच धरलं. पण खालच्या कोर्टानं बाईचं ऐकलं. पेरणी चुकली तरी कुंपण तिचंच होतं, गवत तिनंच कापलं होतं, असं म्हणून निकाल तिच्या बाजूनं दिला. रतिलाल अपिलात गेला, आणि तिथं बाईच्या बाजूनं खासनीस उभे होते.

मंजुळाबाईची जबानी चार पानांची होती. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘आज बारा वर्षे होऊन गेली, हे शेत मीच करते.’

त्या आठवड्यात जीवरामच्या अंगात कणकण होती आणि अजून तीन प्रकरणं बाकी होती. त्यानं आधी लिहिलं, आय ॲम कल्टिव्हेटिंग. मग त्याला आठवलं, की ‘बारा वर्षं’ आलं की ‘ॲम’ चालत नाही, त्यावर शाळेत छडी खाल्ली होती. त्यानं ते खोडलं. ‘हॅव बीन’ असलं काहीतरी असतं हेही मनात येऊन गेलं, पण त्या रूपाचा त्याला कधी भरवसा वाटला नव्हता. ते त्याला नुसतं नटवलेलं इंग्रजी वाटायचं. शेवटी त्यानं नेहमीचा उपाय केला. आय कल्टिव्हेटेड धिस फील्ड फॉर ट्वेल्व्ह इयर्स, असं लिहिलं, टाक पुसला आणि पान उलटलं.

सुनावणीच्या दिवशी खासनीस वकील आजारी होते. त्यांच्या हाताखालच्या नव्या वकिलानं काम चालवलं. अपील बाईच्या विरुद्ध गेलं.

निकालाची नक्कल करायचं काम जीवरामचंच. खाली मान घालून तो ओळ ओळ उतरवत होता आणि सातव्या परिच्छेदात त्याचा हात थांबला. साहेबांनी लिहिलं होतं, की प्रतिवादी बाई स्वतःच सांगते की तिनं हे शेत बारा वर्षं केलं. ते करणं केव्हा संपलं, पुन्हा केव्हा सुरू झालं, याचा तिच्या बोलण्यात पत्ता नाही, आणि साथीच्या सालातला खंड पाहता तिची वहिवाट अखंड होती असं मानता येत नाही. मधे अवतरणात जीवरामचं वाक्य होतं, जसंच्या तसं.

तो उठून वकिलांच्या घरी गेला. खासनीस अंगावर शाल घेऊन बसले होते. त्यांनी मराठी जबानी वाचली, इंग्रजी वाचलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. ‘कल्टिव्हेटेड’ म्हणजे केलं आणि झालं, आजचा त्याच्याशी संबंध नाही. ‘हॅव बीन कल्टिव्हेटिंग’ म्हणजे तेव्हापासून करत आले आहे आणि पिंजऱ्यात उभी आहे या घडीलाही करते आहे. मराठीत बाई साध्या वर्तमानकाळात ‘करते’ म्हणाली आणि तेवढ्यात सगळं आलं. इंग्रजीत त्यालाच तीन शब्द लागतात. जीवरामला वाटलं, इतकं सोपं होतं, आणि तेरा वर्षं आपण त्याच्या शेजारून नुसते चालत राहिलो.

“निकाल यामुळंच विरुद्ध गेला का, रावसाहेब?” त्यानं विचारलं.

“सांगता येत नाही. साहेबांनी आणखी तीन कारणं दिली आहेत. कदाचित तसाही गेला असता.” खासनिसांनी कागद परत दिले. “पुढं मुंबईला हायकोर्टात गेलं तरी तिथं फक्त कायद्याचा मुद्दा ऐकतात, वहिवाटीचा नाही. झालं ते झालं. बाहेर बोलू नकोस.”

जीवराम बोलला नाही. तीन वर्षं बोलला नाही. वकिलांच्या कपाटातलं व्याकरण तो दुपारी भाकरी खाताना उघडून बसे. काळ तीन, आणि प्रत्येकाचे चार चार प्रकार, असे बारा रकाने त्यानं कागदावर आखले आणि प्रत्येकात वेचक मराठी वाक्यं भरली: तो जातो, तो जात आहे, तो गेला आहे, तो सकाळपासून चालतो आहे. हळूहळू त्याला कळत गेलं. पण कळलं तसं काम जड झालं. पूर्वी दिवसात आठ पानं होत, आता तीनही होईनात. प्रत्येक क्रियापदापाशी तो थांबे आणि साक्षीदाराला नेमकं काय म्हणायचं असेल याचा विचार करी. साक्षीदार समोर नसे, समोर नुसता कागद असे. निकाल तसाही गेला असता, हे वकिलांचं वाक्य तो स्वतःला ऐकवून पाहायचा. त्यानं बरं वाटत नसे, आणि नेमकं वाईटही वाटून घेता येत नसे. आपल्यामुळं गेलं हे पक्कं ठाऊक असतं तर एकदाचं सोसता तरी आलं असतं.

बायको बेबाबाई हे पाहत होती. एकदा ताटावर बसल्या बसल्या त्यानं तिला सगळं सांगितलं. इंग्रजीचं तिला काही कळलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, की त्या बाईला जाऊन सांगून या, तिचं आहे ते तिला द्या.

१९२७ ची संक्रांत झाल्यावर तो निघाला. अर्धी वाट एका बैलगाडीतून, उरलेली पायी. मंजुळाबाई आता भावाच्या घरी राहत होती. अंगणात बसून तूर बडवत होती. पन्नाशीची बाई, हात काठीसारखे वाळलेले. त्यानं आपली ओळख दिली. तिनं बडवणं थांबवलं, पदर सारखा केला आणि घोंगडी टाकली.

पाणी पिऊन झाल्यावर तो कसाबसा बोलला. तुम्ही जे बोललात त्याचं इंग्रजी मी केलं, ते चुकलं, तुम्ही ‘करते’ म्हणाला होता आणि मी ‘केलं’ असं लिहिलं, साहेबानं तेच धरलं. वावर त्यामुळंच गेलं असं खात्रीनं सांगता येत नाही, पण चूक माझी होती. एवढं बोलून तो थांबला. शिव्या येतील, रडणं येईल, दोन्हींची त्यानं तयारी ठेवली होती.

मंजुळाबाई थोडी पुढं सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, “मंग मी बरोबरच सांगेल व्हतं ना, भाऊ?”

“बरोबर सांगितलं होतं, अक्का. एक शब्द चुकला नव्हता.”

तिनं डोळ्यांना पदर लावला. जीवरामला आधी वाटलं की वावरासाठी रडते आहे. ते तसं नव्हतं. निकाल गेला तेव्हा नव्या वकिलानं पुनाला सांगितलं होतं, की तुझ्या बहिणीच्याच बोलण्यानं घात केला. ते गावभर झालं. अक्कानं कोर्टात उलटं सांगितलं आणि हातचं वावर घालवलं, असं पाणवठ्यावरही बायका बोलत. पुना तिला दोन वेळा खायला घालत होता, पण तीन वर्षांत तिच्याशी धड बोलला नव्हता. आणि तिला स्वतःलाही वाटू लागलं होतं, की घाबरून आपल्या तोंडून खरंच काही भलतं गेलं असेल. रोज काम करता करता ती ते वाक्य मनात म्हणून बघायची.

“पुनाले हाई सांगा,” ती म्हणाली. “मना समोर सांगा.”

पुना तिसऱ्या प्रहरी वावरातून आला. जीवरामनं सगळं पुन्हा सांगितलं, तिच्यासमोर. पुना उंबऱ्यावर बसून ऐकत होता. चिडला नाही. बैलाच्या दाव्याची गाठ उलटसुलट करत राहिला आणि शेवटी सगळ्या गावाबरोबर आपणही तेच म्हणत होतो हे कबूल करत म्हणाला, “बठ्ठा गाव म्हने, अक्कानी उलटं सांगं. मी बी म्हनू.” मग दावं खाली ठेवून, “हाई कागदवर लिखी द्या.”

जीवरामनं मराठीत लिहून दिलं, खाली सही केली, तारीख टाकली. त्या आठवड्यात गावच्या शाळामास्तरांनी तो कागद चावडीवर वाचून दाखवला. वावर काही परत आलं नाही, त्यात रतिलालची कपाशी उभी होती. पण पुना बहिणीशी बोलू लागला, आणि विधवा बाईला हळदी-कुंकवाचं बोलावणं येणार नव्हतंच, तरी पाणवठ्यावर बायकांनी तिला पुन्हा जागा दिली.

कागदाची वार्ता धुळ्यालाही पोचली. खासनिसांनी जीवरामला बोलावलं. ते रागावले नव्हते, दुखावले होते. माझ्या कचेरीची चूक तू माझ्याआधी चावडीवर नेलीस, असं म्हणाले. पुढल्या महिन्यापासून येऊ नकोस, हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. जीवरामनं हात जोडले आणि दौत-टाक तिथंच ठेवून निघाला.

मग तो जळगावला आला. एका कापसाच्या वखारीच्या माडीवर त्यानं मॅट्रिकला नापास झालेल्या मुलांचा वर्ग काढला. पहिले दोन महिने तो फक्त काळ शिकवी. मुलं कंटाळत. मास्तर एकाच वाक्याला किती घोळवतात, असं म्हणत. काही सोडून जात. तो राहिलेल्यांना पुन्हा विचारी: हे काम संपलं आहे का, की चालू आहे? कधीपासून चालू आहे? आधी मराठीत सांगा. अठरा वर्षं त्यानं हेच केलं. पास होणारे पास झाले, बरेच झाले नाहीत. त्याचं स्वतःचं इंग्रजी चांगलं झालं, पण आता ते कुठं न्यायचं होतं असंही नव्हतं. डोळे अधू झाले, गुडघे धरले, माडीचा जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसू लागला.

१९४५ च्या पावसाळ्यानंतर पुनाचं कार्ड आलं. अक्का वारली, दहावं मंगळवारी आहे, जमलं तर यावं. जीवराम चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेला आणि तिथून गावाला. नदीवर सगळं आटोपल्यावर पंगत बसली. तो बाजूला उभा होता, कुठं बसावं ते सुचेना. पुनानं येऊन त्याचा हात धरला आणि भाऊबंदांच्या ओळीत आपल्या शेजारी बसवलं. कुणी काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर पुनानं त्याला गाडीतून धुळ्यापर्यंत सोडलं. दोघंही म्हातारे झाले होते आणि रस्ता खडबडीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या माडीवर मुलं वाट पाहत होती. जीवरामनं त्यांना धडा उतरवून काढायला सांगितला आणि तो भिंतीला पाठ टेकून बसला. थोड्या वेळानं मुलांनी पाहिलं, रात्रभराच्या प्रवासानं मास्तर बसल्या जागी झोपले होते. त्यांनी लिहून पूर्ण केलं, वह्या रचून ठेवल्या आणि ती आवाज न करता जिना उतरून गेली.