आत्यानं होळीला सांगितलेलं

आमची आत्या आधी मारायची आणि मग काय झालं ते विचारायची. शाळेतून रडत आलं तर एक रट्टा, हसत आलं तर दुसरा. लाड करायची तेही पाठीत गुद्दा घालून, आणि तो गुद्दा असा की घशातला घास बाहेर यावा. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, पण खाली बाजारापर्यंत तिची कीर्ती पोचली होती. भाजीवाले तिच्याशी भावावरून वाद घालत नसत. सगळे तिला मुसळआत्या म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलं होतं.

तिचा नवरा मुंबईला गोदामात कामाला. गणपती-शिमग्याला यायचा, दारू प्यायचा आणि हिला केस धरून अंगणात ओढायचा. एका गणपतीत ती भात कांडत असताना त्यानं केसांना हात घातला. तिनं वळून मुसळ हाणलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला म्हणतात. मग तिनं स्वतःच्याच लुगड्याची पट्टी फाडून त्याचा हात नीट बांधला, मुसळ खांद्यावर टाकलं आणि चालत माहेरी आली. नवऱ्याला मारून आलेली लेक म्हणून आजोबांनी दारातच तिच्या पाठीत काठी घातली. तिनं काठी हिसकावली, गुडघ्यावर मोडली, चुलीत सारली आणि तिच्यावर चहा ठेवला. पहिला कप आजोबांनाच दिला. त्यानंतर ती आमच्याच घरी राहिली.

आमच्या वाडीचा होम, म्हणजे शिमग्याची होळी, सूर्य उगवताना लागतो. पुरुषमंडळी बोंब ठोकत फेऱ्या मारतात, देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, आणि मग एकेकजण नारळ आगीत टाकून आपलं मागणं मोठ्यानं मागतो. कुणी पोराला नोकरी मागतो, कुणी मुंबईत खोली. आत्याची पाळी आली की सगळी वाडी कान टवकारायची. कमरेवर हात ठेवून ती आगीला दम दिल्यासारखी बोलायची, "होळीबाय, मी मागत नाय, सांगते. मरायच्या आधी मला समुद्राचं पाणी पिऊन बघायचं हाय. रानडुकराच्या थोबाडीत मारायची हाय. फटफटी चालवत घाट उतरायचा हाय. आन् पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची हाय." दरवर्षी हेच. एखादी गोष्ट पार पडली की पुढच्या होमाला तिचा हिशेब चुकता केल्याचं सांगायची, वर एखादी नवी घालायची. आयुष्यात काय काय करायचं ते बाईमाणसानं असं चारचौघांत बोलून दाखवायचं असतं, हे आमच्याकडे कुणाला माहीतच नव्हतं. मला तर तिचा भयंकर अभिमान वाटायचा.

डुकराचं आधी झालं. नाचणीत शिरलेल्या डुकराला हाकलायला सगळे डबे वाजवत लांब उभे होते, ही कोयती घेऊन सरळ अंगावर गेली. त्यानं तिची मांडी फाडली. पण तेवढ्यात हिनं कोयती टाकून खरोखरच त्याच्या तोंडावर उघड्या हाताची चपराक ठेवून दिली. कोयतीनं मारलं असतं तर सांगितल्याबरहुकूम झालं नसतं, असं तिचं म्हणणं. बांबूला बांधलेल्या झोळीत घालून तिला महाडला नेलं. रक्त थांबेना, मी भोकाड पसरलेलं, तर तशातही हात लांब करून तिनं मला एक ठेवून दिली. तरुण डॉक्टरला म्हणाली, "टाके घट्ट मार रे, मला शेतात जायचं हाय."

घाटानं तिचे पुढचे दात घेतले. माझ्या भावाची मोटरसायकल तिनं आंबेनळी घाटातल्या गटारात घातली, पण घाट बहुतेक उतरून झाल्यावर. तोंड पुसत म्हणाली, "दात जाणारच होते, घाट तरी झाला." समुद्राला मी तिला श्रीवर्धनला नेलं. पहिल्याच लाटेनं तिला वाळूवर आपटलं. ती उठली, पदर खोचला आणि मुठी वळून लाटेवर धावून गेली. माणसं जमली बघायला. गुडघे सोलून, नाकातोंडातून पाणी गाळत बाहेर आली ती खूश होऊन. "लेकाचा दांडगा हाय," एवढंच म्हणाली. त्या दिवशी हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

पालखी मात्र राहिली. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी पुरुषच नाचवतात, बायका तिची ओटी भरतात, खांदा देत नाहीत. गावकीचे मुख्य माझे बाबा, म्हणजे आत्याचाच धाकटा भाऊ. तिनं दर शिमग्याला विचारायचं आणि बाबांनी जमिनीकडे बघत म्हणायचं, "पुढल्या वर्षी बघू." एकदा ती मधेच घुसली तेव्हा चार पुरुषांनी तिला ढकलून धुळीत पाडलं. बाबा बघत उभे राहिले. डुकराला न भ्यालेली बाई त्या संध्याकाळी पडवीत बसून रडली. "माझ्या भावाच्या मनात आलं तर एका शब्दाचं काम हाय गो," ती मला म्हणाली. त्यानंतर केस पिकले, तरी होमापुढे पालखीचं सांगायचं तिनं सोडलं नाही.

तळीये गावावर डोंगर कोसळून आला तेव्हापासून जुलैचा पाऊस लागला की आमची नजर वरच्या डोंगरावर असते. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात आमच्या वाडीवरची जमीन तडकली. मी शाळेच्या नोकरीमुळे महाडला, चहूकडून पाण्यात अडकलेली, त्यामुळे पुढचं सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. भर सकाळी गोठ्याची भिंत बाबांच्या पायावर कोसळली. हाड कातडी फोडून बाहेर आलं. वाडीतले तरणे पुरुष मुंबईला. उरलेल्या बायका आणि म्हातारे. बाबांना ओढ्यापलीकडे सुरक्षित जागी न्यायचं, तर झोळीचा बांबू ढिगाऱ्याखाली. आत्या धावत सहाणेवर गेली, जिथल्या खोलीत देवाची पालखी ठेवतात, लाथ घालून दार फोडलं आणि रिकामी पालखी ओढत आणली.

बाबा किंचाळले, "देवाची हाय ती! माणूस बसवत नायत. मेलो तरी चालंल मला!"

आत्यानं त्यांच्या दोन्ही गालांवर ठेवून दिल्या. "देवाचा पाय मोडलाय का? बस गप!" आणि उचलून आत टाकलं.

पुढे आत्या आणि माझी आई, मागे शेजारच्या दोघी. ओढ्यापलीकडच्या माळाचा चढ, गुडघाभर चिखल, वरून दगड घरंगळताहेत. आणि त्या चढावर, आई शपथेवर सांगते, आत्यानं पालखी नाचवली. दोनच पावलं. बाबा वेदनेनं गुरासारखे ओरडले, तर ती हसत म्हणाली, "वरडू नको रे, मला परत कदी मिळंल?"

माळावर पालखी टेकवून ती पुन्हा खाली पळाली. खालच्या घरातली म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. आईनं आत्याचा पदर धरला, तो फाटून हातात राहिला. मग डोंगर आला. चिखलातून दोघींना काढलं तेव्हा म्हातारी आत्याच्या पाठीवर तशीच होती.

त्यानंतरचा शिमगा आम्ही माळावरच्या पत्र्याच्या शेडांत केला. गावकी बसली. मुंबईहून आलेला एकजण म्हणाला, पालखीत माणूस बसला, रक्त सांडलं, बायांचा खांदा लागला, पालखी बाटली. नवी करायला हवी. "आन् असली बाई वाडीत होती म्हणूनच डोंगर कोपला," असंही वर म्हणाला. बाबा कुबडीवर उभे राहिले. आम्हां पोरांवर कधी हात न उगारलेल्या माझ्या बापानं ती कुबडी त्याच्या तोंडावर हाणली. तो मागच्या मागे पडला, ओठ फुटून रक्ताची धार लागली. स्वतः बाबाही तोल जाऊन त्याच्या शेजारी कोसळले. खालूनच म्हणाले, "माझी भईन हाय ती. पालखीवरलं रक्त माझं हाय. कुणी धुवायचं नाय." मग बायकांकडे बघून, "उचला गो."

कुणी हलेना. शेवटी आई उठली आणि पुढच्या दांड्याला गेली. मागचा मी धरला.

माळाला एक फेरी होईस्तोवर माझा खांदा सोलवटून निघाला. सपाट जमीन, कोरडा दिवस, पालखीत फक्त देव. आत्या याच दांड्याखाली माझ्या बापाला घेऊन तो चढ चढली होती, शिवाय नाचली होती, हे मला तेव्हा खांद्यात कळलं आणि मी सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. पुढे आई चालतच राहिली. तिनं वळून पाहिलं नाही.

"रड," ती म्हणाली, "पन दांडा सोडू नको."