डांबरीचं गलबत

गोदीच्या टोकाला होड्यांच्या फटी बुजवणाऱ्या बाईला सगळे 'डांबरी' म्हणत. बापामागं त्याचं काम तिनं उचललं, तेव्हा सुतारांनी हे नाव ठेवलं. वर 'डांबरट' म्हणून डोळे मिचकावत, ते वेगळंच. ती कानाआड करी. पण मोठ्या गलबतांवर पाऊल टाकायचं तिनं सोडलं होतं. चार माणसांत कोण हसं करून घेणार?

एकदा एक परदेशी कप्तान "दामार, दामार" करत गोदीभर फिरू लागला. त्याच्या गलबतात पाणी शिरत होतं. मुख्य सुतारानं बुड पाहून सांगितलं होतं, "आता हे सरपणाच्या लायकीचं." तरी गंमत म्हणून त्यानं कप्तानाला हिच्या दाराशी धाडलं.

"दामार?" कप्तानानं विचारलं.

तिचं डोकंच फिरलं. "आता परमुलखातनंही चिडवायला यायला लागले?"

ती पळी उगारतेय तोच त्यानं घाईघाईनं खिशातून मधाच्या रंगाचा खडा काढून तिच्यापुढं धरला. तिनं वास घेतला. राळ होती. बाप हीच तेलात कढवून फटींत भरायचा.

जेवताना तिनं हे सुनेच्या कानावर घातलं. सून कॉलेजात भाषा शिकवायची.

"आई, त्यांच्याकडे दामार म्हणजे राळ, आणि मशालसुद्धा. आपलं डांबर त्याच्याच नात्यातलं असावं. इंग्रजीतला टारही मूळचा झाडावरूनच आलेला. आपल्या संस्कृतातल्या दारुचा भाऊबंद."

"दारूचा?" डांबरीच्या नवऱ्यानं मान वर केली.

"ऱ्हस्व दारु, बाबा. लाकूड."

नवरा पुन्हा ताटाकडे वळला. तिचा घास मात्र हातातच राहिला. "झाड, राळ, मशाल," ती म्हणाली, "आणि मी मेली या नावाला लाजत बसले."

दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेनं काठावर ओढून घेतलेल्या गलबतावर चढली. बुडाच्या फटींतला कुजका कापूस खरवडला, नवा ठासला, वर कढत राळ ओतली. सुतार बघायला जमले, पण हसलं कुणी नाही. गलबत पाण्यात सोडल्यावर मुख्य सुतार स्वतः तळाशी उतरला आणि फळ्यांवरून हात फिरवून वर आला.

"कोरडंठाक आहे," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "बाई, माझ्या दोन होड्या बघाल का?"

"बाई कसली? डांबरीच म्हणा. आणि नंबर लावा."

कप्तानानं तिला बंदराचा फेरा मारायला सोबत घेतलं. गलबत धक्क्यापासून सुटलं तसा नवरा काठावरून ओरडला, "अगं, तुला पोहता कुठं येतं?"

"कशाला यायला हवं?" तिनं पदर खोचत उत्तर दिलं. "बुड मी बुजवलंय."