आधी डावा हात, मग प्रसाद

ग्रंथालयात इतरांचे लेखन कपाटात लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने उतारवयात स्वतः लेखणी उचलावी, हे धारिष्ट्यच आहे. वाचकांनी क्षमा करावी. परंतु महिन्यापूर्वी एका सकाळी नलूताईंची सून शेजारच्या दारातून बाहेर आली, "काका, आई उठत नाहीयेत..." एवढेच म्हणाली, आणि तेव्हापासून लिहिल्यावाचून राहवत नाही.

मरोळच्या आमच्या चाळीत नलूताई निवृत्त परिचारिका म्हणून सर्वांना ठाऊक होत्या आणि बहुतेकांना त्यांचा धाकही होता. एका वर्षी गणपतीच्या महाप्रसादानंतर अर्ध्या चाळीचे पोट बिघडले. त्यांच्या चार वर्षांच्या नातीला तर सलाईन लावावे लागले. रुग्णालयातून त्या परतल्या त्या निश्चय करूनच : यापुढे हात धुतल्याशिवाय कोणालाही प्रसाद नाही. मंडळाचे चिटणीस परब म्हणाले, "एक वर्ष करून बघा नलूताई. पण रांग रखडली ना, तर हे लफडं कायमचं बंद."

पुढच्या वर्षी त्या मंडपाच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा तांब्या आणि पळी घेऊन उभ्या राहिल्या. रांगेत पहिला मी होतो. पळी दिसताच माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळव्यात पाणी पडले आणि मी डोळे मिटून ते प्राशन केले. चव विचित्र होती. परंतु चारचौघांत तक्रार करणे माझ्या स्वभावात नाही. ओला हात डोक्यावरून फिरवून मी पुढे सरकलो. शिकलेला माणूस प्यायला, हे पाहून मागच्या चौघांनीही तेच केले. चौथ्याच्या ओठांवर फेस आला...

"अरे मेल्यांनो, गिळताय काय? साबण आसा तो!" नलूताई ओरडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे, एवढी पुस्तकं वाचलीस, तुका चव नाय कळली?"

"मला वाटलं, तुळस जरा जास्त झाली असेल."

मंडप हसून लोटपोट झाला. "बस झालं आता! सगळी वाट लागली," म्हणत परब तांब्या घ्यायला पुढे आले. नलूताईंनी तांब्या मागे ओढला. हे सारे आता कायमचे बंद होणार, हे त्यांना कळले होते. मग एकाएकी त्या कडाडल्या, "डावा हात पुढे करा! आधी डावा!" देवाच्या दारात डावा हात? कुजबुज झाली, परंतु डाव्या हातातले पाणी तोंडाला लावण्याची कोणाचीच छाती नव्हती. उजवा हात त्यावर आपसूक आला, चोळाचोळ झाली आणि मग नळावर हात धुवायला गर्दी. रांग इतकी रखडली की शिरा थंडगार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाळीच्या संडासांच्या वाटेवर स्टूल टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, "कितव्यांदा?" मी मान खाली घालून म्हणालो, "पहिल्यांदाच." परबही पहिल्यांदाच आले होते. त्यानंतर रांग दरवर्षी रखडली आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

नलूताईंच्या तेराव्याला चाळीतली सारी मंडळी जेवायला आली आणि तडक पानांवर बसली. दटावायला कोणी नव्हतेच. परबांचा हात वड्याकडे गेला आणि मी उभा राहिलो. "परब, हात!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वाढणारे थबकले. परब निमूटपणे उठले, त्यांच्यामागून अख्खी पंगत मोरीकडे गेली. मी घाबरून खाली बसलो, तेव्हा ध्यानात आले की माझेही धुवायचे राहिलेच होते...

तुमच्या पंगतीत हे कोण ओरडते?