बाबांची सही

बाबांना सही करायला मी शिकवलं. हे मी एके काळी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना जीभ जड होते, पण सांगते.

आम्ही तेव्हा अकोटला राहत होतो. बाबा तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पगाराच्या दिवशी मुनशी बाकीच्यांच्या हातात शाईची गादी द्यायचा. आमच्या लोकांची पाळी आली की तीच गादी खाली पायरीवर ठेवायचा आणि लाकडी पट्टीने पुढे सरकवायचा. बाबा वाकून अंगठा लावायचे. वीस वर्षं त्यांनी असा अंगठा लावला. ज्या वर्षी आम्ही धम्म घेतला, त्या हिवाळ्यात ते माझी पाटी घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मले माहं नाव लिवून दाखव. अंगठा आता बंद."

मी सहावीत होते आणि मास्तरीणपणाची खाज मला तेव्हापासूनच. मी नाव लिहून द्यायची, बाबा त्यावर गिरवायचे, चुकले की मी डाफरायची. पन्नाशीचा माणूस, पण निमूट ऐकून घ्यायचा. माझी एक खोड होती. अक्षरांवरची रेघ मी शेवटी एका झटक्यात ओढायची आणि ती शेवटच्या अक्षराच्या बोटभर पुढे जायची. शाळेत त्यावरून मी बोलणी खाल्ली होती. बाबांनी ती खोडही जशीच्या तशी उचलली. महिन्याभराने ते स्वतःचा पेन खिशाला लावून पगाराला गेले आणि मुनशीला रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवावं लागलं. त्या संध्याकाळी घरी जिलबी आली. पुढे ते वाचायलाही शिकले, आणि दुकानांच्या पाट्या इतक्या मोठ्याने वाचायचे की त्यांच्याबरोबर बाजारात जायची आम्हाला लाज वाटायची.

काम सुटल्यावर फंडाचे पैसे मिळाले. आई-बाबा अमरावतीला, आईच्या माहेरच्या वस्तीत राहायला गेले आणि बाबांनी पैसे तिथल्या एका बँकेत ठेवले. खातं उघडताना कारकुनाने विचारलं, सही की अंगठा? बाबा म्हणाले, सही. ही हकिगत त्यांनी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

मी अकोल्याला प्राथमिक शाळेत शिकवत होते. एकाच वर्षात घरावर दोन घाव पडले. बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते काठी धरून चालू लागले, पण उजवा हात कामातून गेल्यासारखा झाला. मग आईला क्षय झाला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं कधी असायची, कधी नसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाहेरून आणा, पण मध्ये खंड पडू देऊ नका, पडला तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. माझा पगार अर्ध्या महिन्यातच संपायचा. पैसे होते ते बाबांच्या खात्यात.

बाबांनी फॉर्मवर सही केली. मी तो घेऊन बँकेत गेले. कारकुनाने कपाटातून नमुन्याचं कार्ड काढलं, फॉर्म शेजारी धरला आणि म्हणाला, "बाई, ही सही जुळत नाही." जुळणार कशी? कोंबडीने पाय पुसावेत तशी ती सही झाली होती.

पुढच्या शनिवारी मी बाबांना रिक्षात घालून नेलं. पायऱ्या चढायलाच त्यांना बराच वेळ लागला. काउंटरवर त्यांनी चार वेळा सही केली. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं, कपाळावर घाम आला होता. मागे लोक खोळंबले होते, कुणीतरी "आटपा लवकर" म्हणालं. चारही सह्या चार माणसांच्या वाटत होत्या. मॅनेजर सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, "आजोबा, अंगठा लावा. दोन साक्षीदार आणा. खातेदार निरक्षर म्हणून नोंद करून घेऊ, मग काही त्रास नाही."

बाबा उठून उभे राहिले. भिंतीवर पाटी होती. त्यांनी काठी तिच्याकडे रोखली आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं वाचलं, "येथे थुंकू नये." मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "मले वाचता येते, सायेब. चाल वो पोरी."

मला त्यांचा संताप आला. घरी आई खोकून खोकून पिवळी पडली होती आणि या माणसाला अंगठा जड झाला होता. रिक्षात मी बोलून गेले, "तुमच्या सहीपायी माय मरंल." बाबांनी उजवा हात धोतराच्या ओच्यात लपवला. माझं ते बोलणं मला आजही छळतं.

सोमवारी मी शाळेतून रजा घेतली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून नवा फॉर्म भरला, आणि सहीच्या जागी बाबांची सही मीच केली. सराव करावा लागला नाही. ते अक्षर माझंच होतं, शेवटच्या झटक्यासकट. कारकुनाने कार्डाशी ताडून पाहिलं, मान हलवली आणि टोकन दिलं. सरकारी नोकरीतली बाई, खोटी सही करून उभी. पण पैसे हातात आले आणि त्याच दुपारी आईला इंजेक्शन मिळालं.

इथवर मी जे केलं त्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो पुढच्याचा. बाबांनी विचारलं, "देले कसे त्याईनं?" मी खुशाल सांगितलं, "तुमची चौथी सही चालली बाबा. मॅनेजरनं पुन्हा पायली, म्हने बरोबर हाय." त्यांचा चेहरा असा उजळला की मला तेवढ्यापुरतं पुण्य केल्यासारखं वाटलं. त्यानंतर दोनदा मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी वाकडीतिकडी सही केली, आणि बाहेर पडून मी तो फाडून दुसरा भरला. वस्तीत बाबा सांगत फिरले, हात गेला पण सही गेली नाही.

मग शाळेची तपासणी आली. साहेब नेमके शनिवारी येणार होते, रजा मिळेना. इंजेक्शनं दोनच दिवसांची उरली होती. मी शेजाऱ्यांच्या पत्त्यावर निरोप धाडला की सोमवारी येते, तोवर कुणाकडून उसने घ्या. बाबांचा उलट निरोप आला: उसने कशाले, माही सही चालते ना, मीच आणतो.

तो निरोप मला मिळाला तेव्हा शनिवारची संध्याकाळ झाली होती, बँक बंद झालेली. रविवारी पहिल्या गाडीने मी बडनेऱ्याला उतरले आणि तिथून घर गाठलं. आई उशाला टेकून बसली होती. फळीवर इंजेक्शनांचा नवा खोका होता. बाबा ओसरीत पाठमोरे बसले होते. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात जांभळी शाई होती. खोक्याखाली पासबुक ठेवलं होतं, मी उघडलं. पहिल्या पानावर त्यांचं नाव, आणि त्याच्या बाजूला लाल शाईत लिहिलं होतं, निरक्षर.

"बाबा, अंगठा कावून लावला?"

बाबांनी अंगठा धोतराला पुसला. मग सांगू लागले.

"म्या सही केली. थो बाबू म्हने, जुळत नाही. म्या म्हनलं, मंग मागच्या तीन कशा चालल्या? त्यानं तिन्ही फारम काढून माह्यापुढं मांडले. म्या पायलं. लई साजऱ्या होत्या. ते शेवटची रेघ पायली अन् मले समजलं."

मी खाली बसले.

"मॅनेजर आला. म्हने, या सह्या खऱ्या कोनाच्या? पोरगी नोकरीत हाय ना तुमची? म्या म्हनलं, सह्या माह्याच हायेत. मंग म्हने, आता तशी करून दाखवा."

"मंग?"

"म्हनलं, नाही येत. आठ दिसापासून लिवनं इसरलो. आना अंगठा."

मी रडले, मोठ्याने रडले. आई आतून विचारत होती, काय झालं वो. बाबा म्हणाले, "काही नाही, पोरगी दमून आली."

आईची इंजेक्शनं पुरी झाली आणि ती वाचली. त्यानंतर तीन वर्षं, बाबा होते तोवर, पैसे काढायला मी त्यांना बँकेत घेऊन जात असे. शाईची गादी मी काउंटरवर ठेवू द्यायची नाही, हातात धरायची. बाबा काही वाचायचे नाहीत. पायऱ्या चढण्याआधीच ते चष्मा काढून खिशात घालायचे, मला काही होऊ नये म्हणून.